गुणगुणणारे भोपळे

माझी शाळा लवकर सुटली. लिहिण्यात चुका असतील, शब्दही साधेच आहेत. सांभाळून घ्या.

एका बंदराच्या गावात नीळकंठ नावाचा एक संगीतकार राहत होता. नव्या रचना बांधायचा, पण चार लोकांपुढे उभं राहायचं म्हटलं की त्याला घाम फुटायचा. त्याच गावात तेंगान नावाचे म्हातारे वादक येऊन राहिले होते. ते आफ्रिकेचे. त्यांच्याकडे वडिलांच्या हातचं एक वाद्य होतं. वर लाकडी पट्ट्या, प्रत्येक पट्टीखाली एक सुका भोपळा. काठीने पट्टीवर टोला दिला की खालचा भोपळा घुमायचा.

ते ऐकून नीळकंठने त्या वाद्यासाठी एक नवी रचना बांधली. गावच्या उत्सवात ती वाजायची होती. तेंगानबाबांनी वाद्य आठ दिवसांसाठी त्याच्या घरी दिलं. "माझं पोर समजून सांभाळ," एवढंच म्हणाले.

एक गोष्ट मात्र नीळकंठला खटकत होती. प्रत्येक सुरामागे बारीक गुणगुण यायची, जणू भोपळ्यात माशी अडकली आहे. लोक हसतील या धास्तीने त्याला जेवण जाईना. शेवटी त्याने वाकून पाहिलं. भोपळ्यांना बारीक भोकं होती आणि त्यांवर जाळं विणणाऱ्या कोळ्याच्या घराचा पांढरा पापुद्रा चिकटलेला होता. 'म्हाताऱ्याच्या हातून पुसणं होत नसेल,' असं त्याला वाटलं. ओलं फडकं घेऊन त्याने चौदाच्या चौदा भोपळे लख्ख केले.

मग वाजवून पाहिलं. गुणगुण गेली होती, पण आवाज पाटावर लाटणं आपटावं तसा आला. रचनेतला जीवच गेला. उत्सव दोन दिवसांवर होता.

घाईघाईने त्याने भोकांवर पतंगाचा कागद चिकटवला. नुसतीच फडफड झाली.

"राहू दे की तसंच," बहीण वत्सला म्हणाली. "बाबांना ऐकू कमी येतं. त्यांना कुठे कळणार आहे?"

ते पटवून घेणं सोपं होतं. पण 'माझं पोर' हे शब्द काही केल्या कानातून जाईनात. संध्याकाळी एक भोपळा फडक्यात गुंडाळून तो तेंगानबाबांकडे गेला.

"बाबा, घाण समजून मी सगळं पुसलं."

बाबांनी भोपळा हातात फिरवला. 

"माझ्या बापाने एकेक पापुद्रा भिंतीवरून उतरवला होता," ते म्हणाले. "ती गुणगुण नसेल तर आमच्याकडे याला सरपण म्हणतात. नुसतं विचारलं असतंस, पोरा."

"आता काय करू?"

"भिंती शोध. ज्या घरातून कोळी निघून गेलाय तेच घ्यायचं. आणि आधी तो पतंगाचा कागद काढ. मला ऐकू कमी येतं, दिसतं चांगलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी नीळकंठ उत्सवाच्या मंडळींकडे गेला आणि वाद्य उद्यापर्यंत नीट होणार नाही, रचना या वर्षी वाजणार नाही म्हणून सांगितलं. मंडळी हसली. त्याने ऐकून घेतलं. मग शिडी खांद्यावर टाकून तो धक्क्यावरच्या जुन्या वखारींकडे गेला. तिसऱ्या भिंतीवर पांढरा पापुद्रा दिसला. त्याने काडीने हळूच कड उचलली. आत कोळी होता. त्याने कड परत टेकवली आणि शिडी पुढच्या भिंतीला लावली.

तात्पर्य: दुसऱ्याची जी गोष्ट आपल्याला खोट वाटते, ती सुधारायला जाण्याआधी ती तशी का आहे ते विचारावं, आणि हातून बिघडलीच, तर झाकू नये, जाऊन सांगावं.