सगळ्या कामांना पुरेल असं पिस्तूल

"मग एकच घ्यायचं झालं तर कुठलं घ्यावं, बाबा?"

हा प्रश्न रुस्तुमराव जाचकांनी तोवर निम्म्या जिल्ह्याला विचारला होता. दुकानदाराने रिव्हॉल्वर सांगितलं, कारण ते अडकत नाही. मेव्हण्याने पिस्तूल सांगितलं, कारण त्यात गोळ्या जास्त मावतात. दोघांचंही पटेना, म्हणून आज अष्टमीच्या सकाळी ते हरिगिरी बाबांच्या मठात येऊन बसले होते.

बाबा भगवी वस्त्रं घेण्याआधी लष्करात सुभेदार होते. हत्यारांतलं त्यांना कळत होतं, पण त्यावर बोलायला आवडत नसे. रुस्तुमरावांनी त्यांचा अनुग्रह घेतला त्याला बराच काळ लोटला होता. तेव्हापासून त्यांनी गुरूला देवाविषयी एकही प्रश्न विचारला नव्हता, ही गोष्ट वेगळी.

बाबा झेंडूची फुलं दोऱ्यात ओवत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "कामं कोणकोणती?"

"घराची राखण. गाडीने अवेळी येणं-जाणं असतं, तेव्हा जवळ असावं. उसात डुकरं शिरतात. वरातीत बार काढावा लागतो, घराण्याची रीत आहे..."

"डुकराला पुरेल ते खिशात मावायचं नाही. खिशात मावेल त्याने डुकराला गुदगुल्या होतील."

"म्हणून तर तुमच्याकडे आलो. मोठ्या खटपटीने परवाना मिळालाय, तोही एकाच हत्याराचा. सगळ्याला पुरेल असं एक नाव सांगा. दुपारी शहरात जातो आणि घेऊन येतो."

"एवढी घाई?"

"उद्या खंडेनवमी. शस्त्रांची पूजा. पाट..." रुस्तुमराव अडखळले. "पाट तसाच ठेवता येत नाही."

"तसाच म्हणजे कसा?"

"तसाच, बाबा."

ते 'रिकामा' म्हणणार नव्हते. जाचकांच्या घरी घट बसले की दसऱ्यापर्यंत हा शब्द कुणी तोंडातून काढत नसे. कणगीतलं धान्य तळाला गेलं, तरी कणगी 'भरलेली आहे' म्हणायचं. बुधली उपडी करून तेलाचा थेंब पडेना, तरी बुधली भरलेलीच. लहानपणी या शब्दावरून आई दोघा भावांच्या पाठीत धपाटे घालायची. धपाटे खाण्यात धाकट्या भुजंगचा नंबर नेहमी पहिला असायचा.

"जुनं पिस्तूल कुठे गेलं?"

"पोलिसांनी नेलं, तलवार-कट्यारीसकट. तुम्हाला माहीत आहे."

"तुझ्या तोंडून ऐकलं नाही."

...

"गेल्या खंडेनवमीला भुजंग हत्यारं पुसायला बसला होता," रुस्तुमराव म्हणाले. "तलवार पुसली, कट्यार पुसली, आणि पिस्तूल हातात घेतलं. गोळी त्याच्याच छातीत गेली."

बाबांनी आणखी एक फूल उचललं.

"त्याने हयगय केली, बाबा. मी देवघरात होतो. त्याने हाक मारून विचारलं, दादासाहेब, भरलेलं आहे का? मी म्हणालो, भरलेलं आहे. खरं तेच सांगितलं. तरी त्याने चापावरून फडकं फिरवलं. याला मी काय करू?"

हेच त्यांनी वर्षभर सगळ्यांना सांगितलं होतं. पोलिसांना सांगितलं, सोयऱ्यांना सांगितलं, अंथरुणावर पडल्या पडल्या स्वतःलाही सांगितलं. भुजंगची आठवण आली की ते त्याच्या हयगयीवर रागवत. राग आला की रडू मागे जाई.

"सगुणा काय म्हणते?"

सगुणा भुजंगची बायको. नाव ऐकून रुस्तुमराव खाली बघू लागले.

"बोलत नाही. ताट वाढते, पाणी ठेवते, निघून जाते. ती तिथेच होती, हळदकुंकवाचं तबक घेऊन. माझं उत्तर तिने ऐकलंय. तरी माझ्याशी एक शब्द नाही... मी खोटं बोललो असतो तर गोष्ट वेगळी होती."

बाबांनी दोऱ्याला गाठ मारली आणि हार बाजूला ठेवला.

"देवीपुढे गूळ ठेवायचाय. कोनाड्यात डबा आहे. गूळ आहे का बघ."

रुस्तुमराव उठले. पितळी डबा होता, झाकण घट्ट बसलेलं. त्यांनी ते ओढून काढलं. तळाशी एक मुंगी फिरत होती.

"भरलेला आहे, बाबा," ते म्हणाले.

बाबांनी हात पुढे केला. "मग दे."

रुस्तुमराव डबा धरून उभे राहिले.

"दे ना. भरलेला म्हणालास."

"तसं नाही बाबा, म्हणजे तो... घट बसलेत, आपल्यात तसंच म्हणायचं असतं, म्हणून मी..."

बाबांचा हात अजून पुढेच होता.

...

रुस्तुमरावांना भुजंगची हाक ऐकू आली, आणि पाठोपाठ आपलं उत्तर. त्या दिवशीही सकाळपासून ते कणगीला भरलेली म्हणत होते, बुधलीला भरलेली म्हणत होते. भुजंग ते ऐकत होता. थोरल्याच्या 'भरलेलं'चा अर्थ धाकट्याने घरच्या रीतीनेच लावला होता, नेहमी लावायचा तसा.

ते मटकन खाली बसले. वर्षभर अडवून धरलेलं रडू आता अडेना. देवीच्या दर्शनाला आलेल्या बायका दारातून डोकावल्या आणि काही न बोलता मागे सरल्या.

बाबांनी उठून देवीला हार घातला. समईची वात पुढे सारली. परत येऊन ते रुस्तुमरावांच्या शेजारी बसले.

बऱ्याच वेळाने रुस्तुमरावांनी उपरण्याने तोंड पुसलं. पिस्तुलाचं नाव त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

"उद्या पाटावर काय ठेवू, बाबा?"

बाबांनी डब्याला झाकण लावलं आणि डबा त्यांच्या हातात दिला.

"हा ठेव. आणि सगुणाने विचारलं, तर रिकामा आहे असं सांग."