कलस्वनाचा कंप

पूर्वी कृतयुगात, मेरूच्या उत्तर उतारावर, जिथे देवदारांच्या सावलीत हरिण आणि व्याघ्र एकाच झऱ्याचे पाणी पीत, तिथे मंद्रव्रत नावाच्या नादोपासक मुनींचा आश्रम होता. सहस्र वर्षे तप करून त्यांनी एक गान रचले, आणि ते पूर्ण झाले त्याच वर्षी वार्धक्याने त्यांचा कंठ गेला. देव कलावंताला एका हाताने देतात ते दुसऱ्या हाताने काढून घेण्यासाठीच. आता ते गान एकाच गळ्यात उरले होते, त्यांचा शिष्य गंधर्वपुत्र कलस्वन याच्या. इंद्राच्या सुधर्मा सभेत जे गायले जाई तेवढेच पृथ्वीवर टिके. बाकीचे गायकाबरोबर संपे.

कलस्वन आश्रमात गाऊ लागला की पक्षी चारा विसरत. पण सभेत पाऊल ठेवताच त्याचे तळहात ओले होत, जीभ टाळ्याला चिकटे. सभेची रीत अशी होती की गायकाने आधी गुरूंच्या आसनाकडे मस्तक लववावे, कानाच्या पाळीला हात लावून त्यांचे नाव घ्यावे आणि मगच षड्ज लावावा. नाव न घेता गायलेले गान गायकाचेच मानले जाई. दोन वसंतोत्सवांत कलस्वनाने कापऱ्या बोटांनी कान धरला, कापऱ्या आवाजात 'मंद्रव्रत' एवढे म्हटले, आणि पुढे त्याच्या कंठातून स्वर फुटलाच नाही. अप्सरा पदराआड हसल्या. इंद्राने जांभई दिली. पुढचा वसंतोत्सव ही शेवटची संधी, असे द्वारपालाने परतताना सुनावले.

"गुरुदेव, आपण दुसरा शिष्य शोधावा," तो आश्रमात येऊन म्हणाला.

मुनी कुजबुजीएवढ्या आवाजात बोलले, "वत्सा, दुसऱ्याला शिकवण्याइतका कंठ आता मजपाशी नाही. मला तूच आहेस. कापत का होईना, पण गा."

त्या मायेने कलस्वन अधिकच लाजला. गुरू रागे भरले असते तर ते त्याने सोसले असते. तो अरण्यात गेला आणि एका पायावर उभे राहून त्याने वायुदेवाची घोर आराधना मांडली. उत्सव तोंडावर आला तेव्हा वायुदेव प्रकटला.

"हे प्रभंजना," कलस्वन म्हणाला, "चराचरातला प्रत्येक कंप तुझाच आहे. माझ्या अंगातला तेवढा काढून घे."

"गंधर्वा, नीट ऐक," वायुदेव म्हणाला. "सभेपुढे हात कापवतो, थोरांपुढे मस्तक लववतो आणि शोकात ओठ थरथरवतो, तो कंप एकच आहे. त्यातला निवडून काढता येत नाही. काढला तर मुळासकट निघेल."

तहानलेल्याला विहिरीची खोली सांगून काय उपयोग. "मुळासकट ने," कलस्वन म्हणाला, आणि वायुदेवाने तथास्तु म्हटले.

उत्सवाच्या दिवशी रत्नस्तंभांनी झळकणाऱ्या त्या सभेत कलस्वन अंगणात यावा तसा आला. वृद्धांच्या रांगेत मंद्रव्रत मुनी शिष्याच्या उजव्या हाताकडे डोळे लावून बसले होते. कलस्वनाची दृष्टी त्यांच्यावरून गेली, जशी ती खांबांवरून गेली. त्याच्या मनात कपट नव्हते. आजवर त्याचा हात कानाकडे जाई तो आधार शोधण्यासाठी, आणि आज त्याला आधार नको होता. त्याने वीणा लावली आणि सरळ षड्ज लावला.

काय ते गाणे! एकही श्रुती ढळली नाही. हसणाऱ्या अप्सरा रडल्या, देवांनी पारिजाताची वृष्टी केली, आणि बृहस्पतींनी उठून रीतीप्रमाणे घोषणा केली, "आजपासून हे कलस्वनाचे गान म्हणून त्रैलोक्यात गायले जाईल."

हे खरे नाही, ते सांगितले पाहिजे, असे कलस्वनाला वाटले. वाटले तेवढेच. आत काही हलले नाही, म्हणून ओठही हलले नाहीत.

टाळ्या ओसरल्यावर, वायूचा वर तपोबलाने जाणून, मुनी काठी टेकत त्याच्यापाशी आले. "दोनदा तू कापलास," ते म्हणाले. "तेव्हा तुझ्या मुखातून एकच शब्द निघाला, आणि तो माझे नाव होता. आज सारे गान निघाले, तेवढे नाव राहिले. तुला शाप देण्याची मला इच्छा नाही. तुला जो वर मिळाला आहे, तोच अक्षय होवो."

आश्रमाच्या वाटेवरच मुनींनी देह ठेवला. कलस्वनाने चंदनाची चिता रचली. ज्यांनी त्याला पहिला स्वर दिला त्यांना अग्नी देताना त्याचा हात कापला नाही. रडावे म्हणून त्याने पुष्कळ प्रयत्न केला, पण ओठ थरथरेनात आणि हुंदका येईना. मग त्याने वायुदेवाचा धावा केला. "माझा कंप मला परत दे. पुन्हा माझी फजिती झाली तरी चालेल."

"तो मजपाशी नाही," वायुदेव म्हणाला. "पुढे जन्माला येणाऱ्या मर्त्य गायकांत मी तो वाटून टाकला."

म्हणून अद्यापि मर्त्यलोकी गायक सभेपुढे बसला की त्याचे तळहात ओले होतात, घसा सुकतो, आणि गुरूंचे नाव घेताना बोटे आपोआप कानाकडे जातात. तो बिचारा हा कंप जावा म्हणून नवस बोलतो. तिकडे सुधर्मा सभेत कलस्वन युगानुयुगे निर्दोष गातो आहे, आणि दर वसंतोत्सवात षड्ज लावण्यापूर्वी वृद्धांच्या रांगेतल्या एका रिकाम्या आसनाकडे बघून आपला हात कापतो का ते पाहतो. तो कापत नाही.