दोन वैशालींची बाळं

“दवाखान्यात म्हणे बाळांची अदलाबदल...” एवढंच आळीत ऐकू आलं.

बारसं होईपर्यंत बाळाची ओळख आईच्या नावाने, आणि तिथे तर दोन वैशालींची बाळं शेजारीशेजारी. डॉक्टर फडतरे इंजेक्शन घेऊन त्यातल्या एकाकडे निघाले, तशी हेमांगी सिस्टर आडवी आली. “साहेब, आधी पायातली नावाची पट्टी वाचू या.”

“मी बाळं चेहऱ्यावरून ओळखतो, सिस्टर.”

सिस्टरने पलीकडच्या पाळण्यातलं बाळ उचललं. “मग हे कुठल्या वैशालीचं?”

“मोऱ्यांच्या. नाक बघा की, हुबेहूब आईचं.”

“याची आई नंदिनी, साहेब. हे आत्ताच जन्मलंय. तुमची-त्याची ही पहिलीच भेट.”

डॉक्टरांनी इंजेक्शन द्यायला निघालेल्या बाळाची पट्टी वाचली. आडनाव दुसऱ्याच वैशालीचं निघालं. अदलाबदल होता होता राहिली खरी, पण बाळांची नव्हे, इंजेक्शनाची.