अर्धी मोटार

मोटारींना वाचा होती, त्या काळची गोष्ट. सर्जेराव मेस्त्रींनी शर्यतीच्या दोन मोटरसायकली वाहून न्यायला एक जुनी मोटार विकत घेतली. मागचं अंग कापून कोणीतरी तिची पिकअप केली होती.

दसऱ्याला मेस्त्रींनी मोटरसायकली धुतल्या, त्यांना झेंडूचे हार घातले आणि पिकअपवर चढवल्या. पिकअपला मात्र एक फूलही वाहिलं नाही.

“अर्ध्या मोटारीला कसला हार?” वाटेत एक मोटरसायकल म्हणाली.

पिकअप भडकली. “मैदानात तुम्ही मिरवता. तिथवर नेते मी, आणि आपटलात की घरी आणते तीही मीच. माझं जे अर्धं अंग कापलं ना, तिथेच उभ्या आहात तुम्ही.”

पुढच्या वळणावर दोन्ही मोटरसायकली कलल्या आणि पिकअपच्याच बाजूच्या फाळक्याला टेकून सावरल्या.