कोंडाई लोहारीण आणि बाईच्या वळणावरची मोटार

फार वर्षांपूर्वी, रायवळच्या घाटातून दिवसाला एकच मोटार उतरायची, तेव्हाची ही गोष्ट. घाटमाथ्यावर धामणशेत नावाचं गाव, पायथ्याला बाजारपेठ आणि मधे एकवीस वळणं. त्यातलं अकरावं वळण असं, की तिथे रस्ता संपलाच असं वाटायचं आणि समोर नुसती दरी उघडायची. त्या दरीत एक बाई राहते, असं म्हणतात. तिचं नाव कुणी घेत नसे. नुसतं बाई म्हणायचे, तेही आवाज खाली करून.

बाईला मोटारीचा राग येऊ नये म्हणून गावाने एक रीत पाडली होती. घाट सुरू होतो तिथे रस्त्याच्या डाव्या अंगाला वीतभर उंचीची एक शिळा होती आणि शिळेच्या पुढे खळगा. हणमा भगत खळग्यात नारळ ठेवायचा. मोटारीचं डावं मागचं चाक शिळेवर चढवायचं आणि तिथून खळग्यात सोडायचं. नारळ फुटला की बाई शांत. माणसं तेव्हा आतच बसून राहायची, कारण जो खाली उतरला त्याला तो नारळ लागू होत नाही, असं भगत सांगायचा. आत चाळीस माणसं, टपावर पोती, आणि धाडकन चाक खाली.

मोटार हाकायचा सखाहरी घोलप. तरणा, सडपातळ, देवभोळा. त्या वर्षी होळी झाली आणि त्याची मोटार बिघडली. बिघडली म्हणजे बंद नाही पडली. बंद पडली असती तर बरं झालं असतं. ती दरीकडे ओढायला लागली. रस्ता सरळ असला तरी ती डावीकडे सरकायची, जसं कुणी पदराला धरून हळूच न्यावं. सखाहरी सगळा घाट सुकाणू डोंगराकडे दाबून धरायचा. पायथ्याला पोचेपर्यंत त्याची बोटं आखडून जायची. पेठेतल्या मिस्त्रीने दोनदा बेअरिंग बदललं, नवा टायर चढवला. महिन्याभरात त्या टायरची आतली कड पुन्हा झिजून गुळगुळीत झाली.

"बाईची भूक वाढलीय," हणमा भगत म्हणाला. "एकाने भागत नाही तिचं."

मग एकाचे तीन नारळ झाले, तिनाचे पाच. पाच वेळा चाक शिळेवर, पाच वेळा खळग्यात. आणि जितके नारळ फुटत, तितकी मोटार जास्त ओढायची. लोक आत बसल्या बसल्या डोळे मिटून घ्यायचे. आया पोरांची तोंडं पदराखाली झाकायच्या.

सखाहरीची बायको पारू तेव्हा पहिलटकरीण होती, आठवा सरत आलेला. बाळंतपणाला तिला खाली माहेरी न्यायचं होतं, आणि न्यायचं तर याच मोटारीने. गुरुवार ठरला. सोमवारी सखाहरीला सकाळी भाकरी गिळवेना.

"मला का घाबरवता?" पारू म्हणाली. "तुम्हीच हाकणार ना?"

"म्हणून तर भीती वाटते," तो म्हणाला.

घाटाच्या तोंडाशी कोंडाई लोहारणीचा भाता होता. नवऱ्यामागे तिने एकटीने तो चालवला होता. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडाची धाव चढवावी तर कोंडाईनेच. तिला लोखंडाचं बोलणं ऐकू यायचं, असं म्हणतात. माणसांचं बोलणं मात्र ती निम्मंच ऐकायची आणि निम्म्यालाच उत्तर द्यायची.

त्या सोमवारी मोटार तिच्या दारावरून गेली आणि कोंडाई हातातला चिमटा ठेवून रस्त्यावर आली. धुळीत चाकांचे माग उमटले होते. ती त्यांच्याकडे वाकून बघत राहिली. संध्याकाळी मोटार परत आली तेव्हा ती रस्त्यातच उभी होती.

"सखाहरी, तुझ्या गाडीची मागची चाकं पुढच्यांच्या मागोमाग चालत नाहीत रे. कुत्रं तिरकं पळतं ना, तशी पळते ती."

"बाई ओढते, कोंडाई."

"ओढत असेल. पण आधी मला बघू दे."

तिने मोटार सपाट खडकावर उभी करायला लावली. दोरीला दगड बांधून ओळंबा केला आणि डाव्या मागच्या चाकाशेजारी सोडला. चाकाची वरची कड दोरीपासून दोन बोटं आत झुकलेली होती. इतके दिवस तो त्या चाकावर माणसं घेऊन उतरत होता.

"चाक वाकलंय," तो म्हणाला.

"थांब की." कोंडाईने चाकावर खडूची खूण केली आणि मोटार अर्धा फेर पुढे ढकलायला लावली. खूण वरची खाली गेली. पुन्हा ओळंबा सोडला. वरची कड तशीच दोन बोटं आत. "चाक वाकडं असतं तर आता उलट्या बाजूला झुकलं असतं. चाक सरळ आहे, बाबा. चाकाला धरणारं वाकलंय."

मागच्या दोन चाकांच्या मधे जाड पोकळ नळी असते, तिच्या पोटात आस फिरतो. मोटारवाले तिला हाउसिंग म्हणतात. कोंडाई खाली शिरली, तिने नळीवरून तळहात फिरवला, आणि बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. ती शिळेकडे गेली, खळग्यापाशी बसली. नारळाच्या करवंट्या तिथे ढिगाने पडल्या होत्या.

"ही नळी बाईने नाही वाकवली," ती म्हणाली. "आपण वाकवली. रोज पाच वेळा."

गाव जमा झालं. हणमा भगत पुढे आला. तो लबाड नव्हता, त्यालाही भीतीच वाटत होती. "कोंडाई, नारळ बंद केलास तर अकराव्या वळणावर गाडी जाईल. पापाची धनी तू."

"आणि चालू ठेवला तर आस मोडेल. कुठे ते मी सांगते. भर उतारावर."

शेवटी सखाहरीनेच पाना हातात घेतला.

मंगळवारी चाकं उतरली, आस ओढून काढले, तेल गाळून घेतलं आणि आठ जणांनी ती नळी भात्यापाशी आणून ठेवली. पैलवान गडी घण घेऊन पुढे झाला. कोंडाईने त्याला हाताने मागे सारलं. "घणाने तडा जाईल. ती आपली आपण सरळ होईल."

नळीचं पोट जिकडे फुगलं होतं, ती बाजू तिने वर केली. नेमक्या तिथेच दोन बोटं रुंदीचा पट्टा तिने लाल केला आणि त्यावर ओलं पोतं दाबलं. धाव तापवून चढवतात आणि विझवली की ती आवळून बसते, ते सगळ्यांनी पाहिलेलं होतं. पण त्या दिवशी लोखंड आवळताना कण्हलं, असं म्हणतात. खोल, बाळंतिणीसारखं. बायका मागे सरकल्या. पारूने भिंत धरली. आणि दरीतून, अकराव्या वळणाकडून, तसाच आवाज परत आला. कोंडाईने मान वर केली नाही. दोरी ताणून बघितली, पुन्हा तापवलं, पुन्हा विझवलं. सात वेळा. सातव्यांदा दोरी नळीला सबंध लांबीभर टेकली.

बुधवारी मोटार जोडून झाली. गुरुवारी सकाळी पारू गाठोडं घेऊन आली, पण तिच्याखेरीज कुणी चढेना. नारळाशिवाय उतरणारी ही पहिलीच फेरी होती. भगत शिळेपाशी नारळ धरून उभा होता आणि सखाहरीकडे नुसता बघत होता. सखाहरीने शिळेकडे पाहिलं. एकच नारळ, त्याला वाटलं, एकदाच.

तेवढ्यात कोंडाई मागून चढली आणि डाव्या मागच्या चाकावरच्या बाकावर बसली. लुगडं सावरलं, खिडकीची कांब धरली. "वाकडं झालं तर पहिल्यांदा मीच जाईन. चल."

मोटार शिळेला वळसा घालून निघाली. दहा वळणं गेली. अकरावं आलं आणि सखाहरीच्या डोळ्यांपुढे दरी उघडली. त्याने सवयीने सुकाणू डोंगराकडे दाबलं. मोटार डोंगराच्या भिंतीला घासली, ठिणग्या उडाल्या, पारू ओरडली. मोटार ओढत नव्हती. ओढत होते ते त्याचे हात. महिनोन्‌महिने वाकड्या गाडीला आवरून तेही वाकडे झाले होते.

"हात सोड, लेका," मागून कोंडाई म्हणाली. "गाडी सरळ आहे."

दरी समोर असताना हात सोडायचे. पण सखाहरीने बोटं सैल केली. सुकाणू आपसूक सरळ झालं आणि मोटार वळणावरून अशी गेली, जशी पाटातून पाण्याची धार जावी.

पायथ्याला कोंडाई उतरली. चाकाच्या मध्यावर तळवा ठेवून म्हणाली, "कोमट आहे. ठीक." मग ती घाटाकडे वळली.

"संध्याकाळी माझ्याबरोबरच चला की," सखाहरी म्हणाला.

"नको. चालत जाते. नारळ बंद झाला, हे तिला कुणीतरी सांगायला पाहिजे ना."

त्या दुपारी अकराव्या वळणावर गुराख्यांनी दोन बायकांचं बोलणं ऐकलं, असं म्हणतात. एक आवाज कोंडाईचा होता. दुसऱ्याबद्दल विचारलं की गुराखी गप्प व्हायचे. कोंडाई गावात परतली की नाही, याबद्दल दोन्ही सांगतात. कुणी म्हणतं तिने पुढे वीस वर्षं धावा चढवल्या. कुणी म्हणतं भाता तेवढा गरम सापडला, ती नाही. पारूला मुलगी झाली आणि तिचं नाव कोंडाई ठेवलं, याबद्दल मात्र कुणाचं दुमत नाही.

शिळा गावाने उपटून दरीत लोटली. आता घाटातून शेकडो गाड्या उतरतात. पण धामणशेतात आजही दुरुस्त केलेली गाडी थेट उतरत नाही. ज्या मिस्त्रीने काम केलं, तो पहिल्या फेरीला जिथे हात लावला त्याच चाकावरच्या बाकावर येऊन बसतो. त्या जागेला कोंडाईची जागा म्हणतात. आणि मिस्त्री बसायला कचरला, तर गाववाले काही न बोलता खाली उतरतात, आणि काम पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.