पौषातल्या पावसात सारजेचा आवा

सह्याद्रीच्या ऐन कड्यावर उंबरघाट नावाचं एक गाव होतं. वर धुकं, खाली दरी आणि मध्ये वारा! बाळांनो, तिथला वारा इतका दांडगा की घराच्या कौलांवर माणसं दगड ठेवत आणि रस्त्यात बोलायचं झालं तर एकमेकांच्या कानाशी तोंड नेत. या गावात, भैरोबाच्या देवळामागच्या ओवरीत, केवळनाथ महाराजांचा मुक्काम होता. अंगावर एक काळं घोंगडं आणि मुखात देवाचं नाव, एवढाच त्यांचा संसार.

गावाच्या खालच्या अंगाला कुंभारवाडा होता. तिथली सारजा रोज सकाळी महाराजांना तांब्याभर गरम माडगं नेऊन देई. हुलग्याचं ते कढत माडगं फुंकर घालत पिताना महाराजांचा चेहरा लहान मुलासारखा खुलत असे. ते म्हणत, "सारजे, देव या माडग्यात मिठासारखा आहे बघ. दिसत नाही, पण नसला की लगेच कळतं!"

त्या वर्षी मार्गशीर्षात सारजेचा नवरा धोंडिबा मातीच्या खाणीत घसरला आणि त्याचा उजवा हात मोडला. संक्रांत महिन्यावर आलेली. गावातल्या प्रत्येक सवाशिणीला पुजायला सुगडं लागतात, आणि ती लहान मडकी वर्षानुवर्षं धोंडिबाच्याच घरून जात. आता ती घडवणार कोण?

कुंभारवाड्याचा रिवाज असा की माती तुडवावी बाईने, मडकं थापटावं बाईने, रंग द्यावा बाईने. पण चाकावर बसावं पुरुषाने. बाईने चाकाला हात लावायचा नाही. सारजा माडग्याचा तांब्या घेऊन ओवरीत आली आणि तिथेच खांबाला टेकून उभी राहिली.

"महाराज, मी चाक फिरवलं तर देव कोपंल का हो?"

महाराज म्हणाले, "हे सगळं जग गरागरा फिरवणारा बाप्या आहे की बाई, तू पाहिलंस?"

"न्हाई बा."

"मीही नाही पाहिलं. जा, फिरव!"

सारजा चाकावर बसली. पहिल्या दिवशी वीस सुगडं घडवली आणि वीसही बसकी झाली. धोंडिबा गळ्यात हात बांधून शेजारी बसे आणि ओरडे, "अंगठा आत घे! अगं आत, आत! मडकं हाय ते, भाकरी न्हवं!" दोघंही हसत. पण तीन आठवड्यांत तिच्या बोटांना मातीची भाषा कळली. ओट्यावर सहाशे सुगडं रांगेत उभी राहिली. सगळी एकाच उंचीची, गोल गरगरीत!

हे आबाजी मेस्त्रीच्या कानावर गेलं. आबाजी कुंभारवाड्याचा मुख्य पंच. त्याची कौलांची मोठी भट्टी होती, आणि त्या भट्टीवर पत्र्याचं छप्पर होतं, याचा त्याला फार अभिमान. तो छत्री टेकत टेकत अंगणात आला.

"काय रं धोंडिबा, बायकू चाकावर बसली म्हणं! मग आता तू चुलीम्होरं बसून भाकऱ्या थापतूस का न्हाई?"

धोंडिबाने मान खाली घातली. नेमका त्याच दिवशी पौषात कधी न येणारा पाऊस आला. तीन दिवस बारीक रिपरिप आणि हाडं गोठवणारा वारा. मग तर आबाजीला बोलायला तोंडच फुटलं. पंचांना घेऊन तो पुन्हा सारजेच्या अंगणात आला. "बघा! चाक बाटलं म्हणून आभाळ फाटलं! सारजे, समद्या पंचांम्होरं सांगतो. तुझा आवा धड निघाला तर चाक तुझं. पर सुगडं फुटली तर चाक उचलून माझ्या अंगणात येईल, आणि पुन्हा बाईमाणसानं त्याला शिवायचं न्हाई."

सारजेने पदर खोचला. ती म्हणाली, "बरं आबाजीमामा. कबूल."

बाळांनो, आवा म्हणजे काय ते सांगतो, म्हणजे सारजेची भीती तुम्हाला कळेल. उघड्या अंगणात शेणी, म्हणजे गोवऱ्या, पसरायच्या, त्यावर मडकी, पुन्हा शेणी, पुन्हा मडकी. वरून भाताचं काड आणि राख घालून सगळं झाकायचं आणि खालून पेटवायचं. वर छप्पर नाही, बाजूला भिंत नाही. आत मडकी निखाऱ्यासारखी लाल होतात. अशा वेळी त्यांवर गार पाणी पडलं की संपलं! तडातड फुटतात.

चौथ्या दिवशी सकाळी ऊन पडलं. संक्रांतीला तीनच दिवस उरलेले, आता थांबणं शक्य नव्हतं. चुलीवरच्या माळ्यावर वाळवलेली सुगडं सारजेने आव्यात रचली, हात जोडले आणि आवा पेटवला. दुपारपर्यंत छान धूर निघत होता. आणि मग पश्चिमेच्या कड्यावरून काळा ढग चढून आला!

वारा असा सुटला की अंगणातली टोपली उडून शेजारच्या पेरूवर जाऊन बसली. धोंडिबाने एका हाताने ताडपत्री धरली, तीही वाऱ्याने हिसकावून दरीकडे नेली. टपोरे थेंब पडू लागले. आव्याच्या कडेने वाफ उठली, आणि आतून आवाज आला, तड्!

सारजा चिखलातून अनवाणी धावत सुटली. ओवरीशी पोचली आणि धापा टाकत म्हणाली, "महाराज... माझा आवा..."

महाराज तडक उठले. त्या उताराच्या निसरड्या वाटेने ते असे भराभरा चालले की तरणी सारजा मागे पडली! अंगणात येऊन त्यांनी आव्याकडे एकदा पाहिलं, खांद्यावरचं घोंगडं काढून धोंडिबाच्या अंगावर टाकलं आणि उघड्या अंगाने आव्याशेजारच्या दगडावर मांडी घालून बसले. डोळे मिटले.

आणि काय सांगू! अंगणभर पाऊस कोसळत होता, कुंपण भिजत होतं, पेरू झोडपला जात होता; पण आव्यावर एक थेंब पडत नव्हता! राख कोरडी, काड कोरडं, धूर सरळ वर. मात्र महाराजांच्या अंगावर धबधबा लागल्यासारखं पाणी पडत होतं. त्यांच्या मांडीखालून ओहोळ वाहत होता.

आवा फुटलेला बघायला आबाजी छत्री घेऊन आलाच होता. फाटकातच वाऱ्याने छत्री उलटी केली. तरी त्याची जीभ थांबेना.

"वा महाराज! दुपारच्या आंघोळीला बरी जागा गावली तुम्हास्नी!"

महाराजांनी डोळे उघडले. त्यांचे ओठ थंडीने निळे पडले होते, पण ते हसले. "आबाजी, म्हातारा झालो बाबा. पाठ भरून आली. घटकाभर माझ्या जागी बसतोस का?"

"त्यात काय मोठंसं!" म्हणत आबाजीने धोतर खोचलं. महाराज उठले, आबाजी दगडावर टेकला, आणि दुसऱ्याच क्षणी किंचाळला. तो नुसता पाऊस नव्हता. त्या अख्ख्या आव्यावर पडायचं सगळं पाणी तिथे एकाच माणसाच्या डोक्यावर येत होतं! त्याची मान वाकली, श्वास कोंडला, पगडी वाहून गेली. चार श्वास होतात न होतात तोच तो दगडावरून चिखलात पालथा पडला. महाराज पुन्हा शांतपणे जागेवर बसले.

सारजा रडत म्हणाली, "महाराज, एवढं कशाला सोसता? पावसालाच थांबवा की!"

महाराज म्हणाले, "अगं, तो निघालाय घरून. त्याला कुठेतरी पडायलाच हवं ना!"

संध्याकाळी पाऊस ओसरला. महाराजांना हुडहुडी भरली होती. सारजेने त्यांना चुलीपाशी नेऊन माडगं पाजलं. चिखलाने माखलेला आबाजी घरी गेला नाही. तो सारजेच्या पडवीत आव्याकडे बघत बसून राहिला.

सकाळी आवा उघडायचा होता. सारा कुंभारवाडा जमला. पंच म्हणून पहिलं सुगड आबाजीने उचलायचं. सारजेने राख बाजूला केली. आबाजीने सुगड घेतलं आणि बोटाच्या पेराने वाजवलं. टण्ण! घंटेसारखा स्वच्छ नाद. दुसरं वाजवलं, टण्ण! तिसरं, दहावं, पन्नासावं... सहाशे सुगडांत एकच फुटलं होतं. महाराज येण्याआधी तडकलेलं, तेवढंच.

"निघाला!" धोंडिबा लहान पोरासारखा नाचू लागला. "माझ्या सारजीचा आवा निघाला!"

आबाजी सुगड हातात धरून उभा होता. मग त्याने ते हलकेच खाली ठेवलं आणि महाराजांच्या पायांशी लोळण घेतली. "महाराज, तुम्ही दीस मावळंपतूर सोसलं ते मला चार श्वास सोसवलं न्हाई. चुकलो मी!"

महाराजांनी त्याला उठवलं. "अरे, मी नुसता बसलो होतो. पाणी वळवणारा तो वर आहे. आणि चुकलास ते माझ्याशी नाही."

आबाजीला कळलं. तो सारजेच्या पडवीत गेला. चाकावर चिकटलेली माती पावसाळी हवेने अजून ओलीच होती. त्याने कुंभारवाड्यादेखत त्या चाकावर डोकं टेकलं आणि म्हणाला, "सारजे, चाक तुझं. आणि माझ्या थोरल्या सुनंला शिकवशील का गं? तिला लई हौस हाय. मीच आडवत हुतो."

उठला तेव्हा त्याच्या कपाळावर मातीचा मोठा टिळा उमटला होता. सगळे हसले, तोही हसला. पण दिवसभर त्याने तो पुसला नाही.