अठ्ठेचाळीस तोळे मध

शिवणगडच्या राणीसाहेबांना खोकल्याने जेरीस आणलं होतं. राजवैद्य त्र्यंबकशास्त्री ताठ मानेने म्हणाले, "आमच्या घराण्याचं चाटण एकच. अठ्ठेचाळीस तोळे मध आणि छत्तीस तोळे अडुळशाचा रस. त्यात रतीभर फरक चालणार नाही."

पण वणव्यात जंगलातली मधाची पोळी जळून गेली होती. गडभर शोधून जेमतेम चार तोळे मध निघाला.

"मग औषध नाही," असं म्हणून शास्त्रीबुवा उठले. महाराजांचा चेहरा उतरला.

तेव्हा धाकटी सून हैमवती म्हणाली, "बसा, शास्त्रीबुवा. दोन्ही आकड्यांना बाराने भागा. चार तोळे मधाला तीन तोळे रस घाला."

"पिढीजात माप मोडता?"

"माप लहान केलं, प्रमाण तेच राहिलं. सासूबाईंना हे चाटण चाटायचंय, त्यात न्हायचं नाही."

खोकता खोकता राणीसाहेब हसल्या. शास्त्रीबुवा वरमले, पण चाटण त्यांनी मन लावून केलं.

हळूहळू खोकला निवला. राणीसाहेबांनी सुनेला जवळ घेतलं आणि म्हणाल्या, "पोरी, तुझ्यामुळे मला झोप मिळाली."

शास्त्रीबुवाही मनाचे मोठे निघाले. पुढे ज्याच्या घरी चमचाभरच मध असे, त्यालाही ते चाटण करून देत आणि सांगत, "उपकार मानायचे तर सूनबाईंचे माना."